वाचकांचे प्रश्न : हायस्कूलच्या रिकाम्या वर्गांत कौशल्य केंद्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसतो. गावच्या हायस्कूलचा पट उतरला आहे, अर्ध्या खोल्यांना कुलूप आहे आणि दहावी-बारावी झालेली मुले सुरतेच्या गाडीत बसत आहेत. या इमारतीत व्यवसाय प्रशिक्षण सुरू करता येईल का, असा सगळ्यांचा सवाल आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतली काही येथे घेतली आहेत. नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेचे अनुदानित हायस्कूल १९५८ पासून सुरू आहे. बारा खोल्यांपैकी पाचच वापरात आहेत, आठवी ते दहावी मिळून पट ऐंशीच्या आत. कार्यकारी मंडळात दोन मते आहेत. काहींना शाळा बंद करून पूर्ण इमारत एखाद्या प्रशिक्षण कंपनीला भाड्याने द्यावीशी वाटते, काहींना दोन्ही चालवावेसे वाटते. कायद्याने काय शक्य आहे? (संस्थेचे सचिव, यावल तालुका)

उत्तर : शाळा बंद करू नका. रिकाम्या सात खोल्यांपुरते केंद्र सुरू करा आणि दोन्हींचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

आठवीचा वर्ग शिक्षणहक्क कायद्यात येतो. सहावी ते आठवीच्या मुलांना ३ किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी, त्यामुळे जवळ दुसरी शाळा नसेल तर तुमचा प्रस्ताव तिथेच अडेल. दुसरे म्हणजे अनुदानित मान्यता एकदा हातची गेली की गेली. आज नवी माध्यमिक शाळा काढायची तर ती २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली, म्हणजे विनाअनुदानच काढावी लागते. शिवाय शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीचे संरक्षण आहे. शाळा बंद म्हणजे सगळ्यांचे समायोजन आणि त्यामागोमाग येणारी न्यायालयीन प्रकरणे.

आणखी एक कारण बऱ्याच मंडळांच्या ध्यानातच येत नाही. ते म्हणजे कार्यालयातल्या कपाटातले जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख-जातीसह नोंद असलेली वही. जात पडताळणीत विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तुमचे रजिस्टर १९५८ पासूनचे आहे, म्हणजे पंचक्रोशीतल्या कित्येक कुटुंबांचा आजोबांचा पुरावा त्याच पानांवर आहे. खोल्यांची अदलाबदल करताना हे दप्तर वेल्डिंगच्या किंवा गळक्या खोलीशेजारी जाऊ देऊ नका. प्रत्येक पान स्कॅन करून दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, मूळ रजिस्टर लोखंडी कपाटात.

आता कागदपत्रांचा क्रम. आधी घटनापत्र काढून उद्देश वाचा. ‘शिक्षणप्रसार’ असा व्यापक शब्द असेल तर केंद्र त्यात बसते. ‘माध्यमिक शाळा चालवणे’ एवढेच असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार विशेष सभा घेऊन तीन-पंचमांश सभासदांच्या मताने उद्देश बदलावा लागेल. महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तो कायम करायचा आणि ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. मग जमिनीचा उतारा पाहा. जागा शासनाने शाळेसाठी दिलेली असेल तर तिच्यावर शर्त असते, आणि वापर बदलताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली नाही तर शर्तभंग धरला जातो. त्यानंतर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे इमारतीचा नकाशा द्या. शाळेच्या खोल्या एका रंगात, केंद्राच्या दुसऱ्या रंगात, आणि स्वच्छतागृह व पाणी कोणाचे किती वाजता, हेही लिहा. परवानगी लेखीच घ्या.

भाडेपट्ट्याबद्दल सावध राहा. सार्वजनिक न्यासाची इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ती नसेल तर करार टिकत नाही. आमच्या मते इमारत देऊच नये. केंद्र संस्थेनेच चालवावे, बाहेरच्या प्रशिक्षण संस्थेशी करार करायचा तो निदेशक (कार्यशाळेत शिकवणारा प्रशिक्षक) आणि अभ्यासक्रम यांपुरता, एकेका वर्षाचा करावा. वीज मीटर, पावती पुस्तक, बँक खाते आणि जडवस्तू नोंदवही वेगळी. वेतनेतर अनुदानातून घेतलेले एक टेबलही केंद्राच्या यादीत दिसले तर लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागते.

प्रश्न : तीन संस्थांचे लोक गावात येऊन गेले. संगणक, शिवणकाम आणि ब्युटी पार्लर असे तीन कोर्स सुचवले. आमच्या भागात ऊस, केळी, पपई, मिरची आहे. नेमके कोणते कोर्स घ्यावेत? (ग्रामपंचायत सदस्य, शहादा तालुका)

उत्तर : हे तीन कोर्स सर्वांत आधी सुचवले जातात, कारण त्यांना जागा, वीज आणि यंत्रे कमी लागतात. सुचवणाऱ्याला सोपे पडते. गावाच्या गरजेचा त्यात विचार असेलच असे नाही.

एस.टी.ने तासाभरात पोचता येईल अशा टापूतल्या तीस-चाळीस ठिकाणांची यादी करा : साखर कारखाना, जिनिंग, पंप दुरुस्तीची दुकाने, ट्रॅक्टर शोरूम, शीतगृहे, ठिबकचे विक्रेते, सोलर बसवणारे ठेकेदार. ‘आमची मुले घ्याल का?’ असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. मागच्या वर्षी नवी माणसे किती घेतली, ती कुठून आली, सुरुवातीला पगार काय दिला आणि त्यांना काय येत नव्हते, हे विचारा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर हाच तुमचा अभ्यासक्रम.

शहाद्याच्या भागात पंपमोटार दुरुस्ती आणि रिवायंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणे, घ्यायला हरकत नाही. बोअरवेल आहे तिथे सबमर्सिबल आहे, आणि सबमर्सिबल आहे तिथे जळालेली मोटार आहे. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला साधी इनॅमल तार चालत नाही, प्लॅस्टिकचे आवरण असलेली पॉलीरॅप तार लागते. तार खाचेत सरकवताना आवरणाला नखाएवढा ओरखडा पडला तरी मोटार वरकरणी चालते आणि विहिरीत उतरवल्यावर काही दिवसांत पुन्हा जळते. म्हणून केंद्रात हवी एक पाण्याची टाकी. मोटार भरून चोवीस तास बुडवून ठेवायची, मग ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजायचे. गावातली बरीच दुकाने ही पायरी गाळतात. ती शिकलेला मुलगा पहिल्या हंगामातच ओळखला जातो. सामान फार नाही : वायंडिंग मशीन, मेगर, क्लॅम्पमीटर, मायक्रोमीटर, तारेचे गेजपट्टे, ओव्हन, टाकी आणि भंगारातून आणलेल्या दहा-बारा जुन्या मोटारी.

याला जोडून सौर कृषिपंप घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेमुळे ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप शिवारात आले आहेत. पंप बसवणारा ठेकेदार बाहेरचा असतो, कंट्रोलरवर फॉल्ट दिसला की शेतकऱ्याला स्थानिक माणूस मिळत नाही. साक्रीकडच्या वाचकांनीही हाच विचार करावा. शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पण मोठ्या प्रकल्पाला माणसे लागतात ती उभारणीच्या वेळी, नंतर देखभालीला मोजकीच. त्यांच्या भरवशावर दरवर्षी वीस मुलांची तुकडी काढू नका. छतावरचे संच आणि शेतातले पंप हे कायमचे काम आहे.

रावेर-यावल पट्ट्यात मात्र पहिला मान केळीच्या शीतसाखळीला. हिरवी केळी १३ ते १४ अंशांवर साठवतात. त्याखाली तापमान गेले की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. पिकवण कक्षात १६ ते १८ अंश तापमान, ९० ते ९५ टक्के आर्द्रता आणि सुमारे १०० पीपीएम इथिलीन (फळ पिकवणारा वायू) लागते. पिकायला लागलेली केळी स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरवर ताण सर्वाधिक येतो आणि नेमका तेव्हाच बिघाड होतो. दाराचे गॅस्केट, गॅसगळती, बाष्पक गोठणे, तापमापकाची चुकीची जागा एवढे सांभाळणारा रेफ्रिजरेशनचा माणूस चारचाकी पाठवून बोलावतात.

प्रश्न : मी डिप्लोमा सिव्हिल आहे, गावच्या हायस्कूलचा माजी विद्यार्थी. शाळेने वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनची कार्यशाळा करण्यासाठी इमारत पाहायला सांगितली आहे. विटांच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, शहाबादी फरशी, खोल्या २० बाय २५ फुटांच्या. खाली काळी जमीन. कुठे लक्ष द्यावे? (चोपडा तालुका)

उत्तर : पत्रात माप दिलेत हे बरे केले. एक खोली ५०० चौरस फूट, म्हणजे साडेसेहेचाळीस चौरस मीटर. केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमात २० जणांच्या तुकडीसाठी वेल्डरला ८० आणि इलेक्ट्रिशियनला ९८ चौरस मीटर कार्यशाळा धरलेली आहे. दोन खोल्या जोडल्या की ९३ चौरस मीटर होतात. वेल्डरचे काम भागते, इलेक्ट्रिशियनला थोडक्यात कमी पडते, तिथे व्हरांड्याचा तुकडा आत घ्यावा लागेल. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचा सुधारित अभ्यासक्रम उघडून आकडे पडताळा.

मधली भिंत पूर्ण काढायचा मोह टाळा. अशा इमारतीत तीच छपराच्या कैच्यांचा भार घेते. २० फुटांच्या भिंतीत दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट भिंत तशीच ठेवून मधे ८ फुटांचे दार उघडले की माणसे आणि सामान दोन्ही सहज फिरतात आणि तपासनीसाला एकच कार्यशाळा दिसते. आधी वरून आधार द्या, मग लोखंडी बीम बसवा, बीमची टोके दोन्हीकडे किमान ९ इंच काँक्रीटच्या गादीवर टेकवा आणि शेवटी खालची वीट काढा. क्रम उलटला तर छप्पर बसते. बीमचे माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

शहाबादी फरशीवर यंत्र ठेवू नका. सहा फुटी लेथ सातशे किलोपासून टनापर्यंत भरतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, फरशीवर ठेवलेल्या लेथची पातळी एका पावसाळ्यात बिघडते. यंत्राच्या जागेपुरती फरशी उचला, अडीच-तीन फूट काळी माती काढा, सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम पाणी मारून धुम्मस करा आणि वर सहा इंच एम-२० काँक्रीट जाळीसकट घाला. हा खड्डा भिंतीच्या पायापासून लांब ठेवा, भिंतीलगत पायाखाली खोदकाम कधीही नको. वेल्डिंगच्या खोलीत पूर्ण तळ काँक्रीटचाच करा, ठिणगीने शहाबादीचे टवके उडतात.

आता वीज. तिन्ही जिल्ह्यांत अशा केंद्रांचे घोडे इथेच अडते. हायस्कूल बहुधा गावठाण फीडरवर असते. तुमच्या खांबावर थ्री फेज आहे का, आणि असल्यास सकाळी ७ ते संध्याकाळी ५ सलग असते का, हे दोन आठवडे वहीत टिपून ठेवा. जवळून जाणारी थ्री फेज लाइन शेतीच्या फीडरची असेल तर ती रोज ठरावीक आठ तासच मिळते, त्यातही रात्रपाळी येते. त्या लाइनवर कार्यशाळा चालत नाही.

भाराचा हिशेब असा. दहा इन्व्हर्टर वेल्डिंग संच, प्रत्येकी शंभर-सव्वाशे ॲम्पिअरवर साधारण ४ केव्हीए घेतात, एकूण ४०. सगळे एका क्षणी चालत नाहीत, म्हणून निम्मा ते साठ टक्के, म्हणजे २० ते २४ केव्हीए. इलेक्ट्रिशियन कार्यशाळेला ५, दोन लेथ आणि ग्राइंडर-ड्रिलला ६ किलोवॅट, दिवे-पंखे वेगळे. ३० किलोवॅटची मागणी नोंदवा. गावचे रोहित्र ६३ केव्हीएचे असेल तर एवढा भार त्यावर बसणार नाही, संध्याकाळी अख्ख्या गावाचे दिवे मंद होतील आणि दोष तुमच्यावर येईल. नव्या रोहित्राचे अंदाजपत्रक महावितरणकडून आधी घ्या, यंत्रांची ऑर्डर नंतर द्या. रोहित्राला महिने लागतात.

मीटरपासून कार्यशाळेपर्यंत साठ मीटर अंतर धरले तर साडेतीन कोअरची ३५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल पुरते, ३० किलोवॅटला प्रवाह ५० ॲम्पिअरच्या थोडा वर जातो. सिंगल फेजचे वेल्डिंग संच तिन्ही फेजवर सारखे वाटा. वायरमनने सगळे एकाच फेजवर घेतले तर न्यूट्रल तापतो आणि पहिला बळी पडतो तो शेजारचा संगणककक्ष. प्रत्येक कार्यशाळेला स्वतंत्र अर्थिंग, प्रशिक्षणार्थींच्या टेबलांवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून ते मोजायचे मे महिन्यात. पावसाळ्यात घेतलेला चांगला आकडा काहीच सांगत नाही.

वेल्डिंगचे कप्पे ४ बाय ५ फुटांचे, पत्र्याच्या आडपडद्याची उंची ६ फूट, खाली ८-१० इंच मोकळे, म्हणजे हवा खालून शिरते. धूर कामाच्या उंचीवरून बाजूला ओढला जावा. छताचा पंखा तो आधी मुलांच्या नाकापर्यंत आणतो. ऑक्सिजनचे काळे आणि ॲसिटिलिनचे मरून सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, भरलेले साठे एकमेकांपासून दूर आणि उन्हाबाहेर. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत जाऊ न देणारी झडप, असलाच पाहिजे. ॲसिटिलिनचे आटे डावे असतात, जोर लावून उजवीकडे फिरवणारा नवशिका पितळी नट फाडतो, हे पहिल्याच दिवशी हाताने करवून घ्या.

उन्हाचे सांगायला नको. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखाली वेल्डिंग दुपारी अशक्य. मार्च ते जून सत्र सकाळी ७ ते १२ ठेवा. छताला पांढरा परावर्तक रंग आणि समोरासमोर खिडक्या एवढ्याने फरक पडतो. मेच्या अखेरीच्या वादळात केळी झोपते तसे पत्रेही उडतात, जे-हूक आणि वॉशर एप्रिलमध्येच तपासून बदला.

प्रश्न : मुलांना शेवटी कोणते प्रमाणपत्र मिळणार? आमच्याकडे एका केंद्राने रंगीत कागद दिला, तो कुठेच चालला नाही. (पालक, शिरपूर)

उत्तर : प्रवेश घेतानाच विचारा : या अभ्यासक्रमाचा संकेतांक काय, परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर कोणाची मुद्रा असेल. तीन उत्तरे ग्राह्य आहेत. पहिले, आयटीआयचा एक किंवा दोन वर्षांचा ट्रेड. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, रेल्वे, महावितरण, एमआयडीसी सगळीकडे चालते, पण संलग्नतेच्या अटी कडक आहेत. दुसरे, महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम. हायस्कूलच्या इमारतीत सुरुवात करायला हाच मार्ग सोयीचा. तिसरे, राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातले काही शे तासांचे अल्पमुदतीचे कोर्स, ज्यांचे मूल्यांकन बाहेरचा परीक्षक करतो. प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ठिकाणी सुरू झाली, तिथे असे कोर्स चालतात.

वेल्डरला आठवी पास मूल चालते, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. दहावीत अडकलेल्या मुलाला दोन वर्षे घरी बसवण्यापेक्षा वेल्डरला घाला.

प्रमाणपत्रानंतर शिकाऊ उमेदवारी करायलाच हवी. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. नरडाणा, जळगाव एमआयडीसी, भुसावळ रेल्वे ही नावे तुमच्या मुलाच्या यादीत असू द्या.

प्रश्न : मी अनुदानित हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवतो. केंद्र झाले तर मला निदेशक करतील का, की अतिरिक्त ठरवतील? (सहायक शिक्षक, अमळनेर)

उत्तर : केंद्रामुळे कोणी अतिरिक्त ठरत नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणे, शाळेच्या पटावर होते, केंद्राच्या तुकड्यांचा तिच्याशी संबंध नाही. म्हणूनच केंद्राची मुले शाळेच्या पटावर दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो धुडकावून लावा, आधार पडताळणीत ते उघडे पडते आणि मुख्याध्यापकाची नोकरी जाते.

ट्रेडचा निदेशक होण्यासाठी त्या ट्रेडचे प्रमाणपत्र किंवा पदविका-पदवी, अनुभव आणि निदेशक प्रशिक्षण लागते, बी.एड. त्यात धरले जात नाही. पण तुमचा विषय तिथे फार कामाचा आहे. ओहमचा नियम, क्षेत्रफळ, टक्केवारी, मिलिमीटर आणि सूत यांचे रूपांतर इथे मुले अडकतात आणि कसबी निदेशक हात चालवून दाखवतो, हिशेब समजावू शकत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला चार-पाच तास घ्या. नववी-दहावीसाठी समग्र शिक्षा या शासकीय योजनेतून व्यावसायिक विषय मिळवण्याचा प्रस्तावही तुम्हीच लिहा. कार्यशाळा तयार असलेल्या शाळेचा दावा भक्कम होतो, आणि या विषयामुळे शेजारच्या गावांतली मुले शाळेत आली तर पटही सावरतो.

प्रत्यक्ष काम शिकवायला भुसावळच्या रेल्वे कारखान्यांतून आणि दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ गाठा. त्यांना पूर्णवेळ नको असते, आठवड्याचे दोन दिवस आनंदाने देतात.

प्रश्न : आमचे केंद्र दोन वर्षांपासून आहे. तुकडी वीसने सुरू होते, दिवाळीनंतर आठ उरतात. आणि शेड बंद असल्याच्या महिन्यांत लेथ गंजला. (केंद्रचालक, धुळे तालुका)

उत्तर : गळतीचे कारण तुमच्या पत्रातच आहे : दिवाळीनंतर. कापूस वेचणी, ऊसतोड आणि गुजरातकडची कामे याच काळात सुरू होतात. घरचे मूल त्या दिवसांत वर्गात बसणे परवडत नाही. सहा महिन्यांची तुकडी जूनच्या मध्यावर सुरू केली तर ती नेमकी मोसमाच्या तोंडावर फुटते. मुख्य तुकडी जानेवारीच्या अखेरीस घ्या, जुलैपर्यंत संपवा. पावसाळ्यात २०० ते ३०० तासांचा छोटा कोर्स ठेवा, तो ऑक्टोबरच्या आत पूर्ण व्हायला हवा. तोडणीला जाणारी कुटुंबे उन्हाळ्यात परततात, त्यांच्या मुलांसाठी तोच छोटा कोर्स.

दुसरे कारण सामान. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात वर्षाच्या कच्च्या मालाचा रकानाच दिसला नाही. वेल्डरच्या मुलाला रोज हातात रॉड हवा. ३.१५ मिलिमीटरचे रॉड संपले, पट्ट्या संपल्या की निदेशक फळ्यावर चित्र काढतो आणि मुले दुसऱ्या दिवशी येत नाहीत. एकूण रकमेपैकी निम्म्याहून जास्त यंत्रांवर खर्च करू नका आणि पहिल्या दोन वर्षांचा कच्चा माल, वीजबिल, मानधन यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून मगच दार उघडा. पावसाळ्यात रॉडचे पुडके उघडे राहिले तर रुटाइल रॉड १०० ते ११० अंशांवर तासभर भाजून घ्या, नाहीतर ठिणग्या उडतात, सांध्यात छिद्रे पडतात आणि मुलगा समजतो की आपला हातच वाईट आहे.

लेथ तुम्ही प्लॅस्टिकने झाकला होता, त्यामुळे गंजला. प्लॅस्टिकखाली दमट हवा अडकते आणि रात्री पाणी धरते. बेडवर ६८ ग्रेडच्या स्लाइडवे तेलाचा जाडसर हात द्या, वर सुती कापड, आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा तास यंत्र चालवा. आत्ताचा गंज वरवरचा असेल तर रॉकेल आणि बारीक तेलदगडाने निघेल. पॉलिश पेपर बेडवर फिरवू नका, मार्गाची अचूकता जाते. वेल्डिंग इन्व्हर्टरची झाकणे उघडून मुंग्या आणि पाली पाहा, बंद केंद्रात बोर्ड जळण्याचे नेहमीचे कारण तेच.

प्रश्न : मुलींसाठी शिवणकामाशिवाय काही सुचवा. येण्याजाण्याचीही अडचण आहे. (शिक्षिका, नवापूर)

उत्तर : इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन, मोटार रिवायंडिंग आणि सोलर पॅनेलची चाचणी या चारही ठिकाणी मुली उत्तम काम करतात, वायंडिंगला तर बारीक आणि चिकाटीचा हातच लागतो. शिवण घ्यायचेच असेल तर घरगुती यंत्रावर न थांबता औद्योगिक लॉकस्टिच आणि ओव्हरलॉक यंत्रे घ्या, नवापूरहून सुरत जवळ आहे आणि तिकडच्या कारखान्यांत याच यंत्रांवर काम मिळते.

वेळ ठरवताना आधी एस.टी.चे वेळापत्रक घ्या, वर्ग त्यात बसवा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे, पण शाळेच्या मुलींची मोफत पासची सोय बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींसाठी असते, केंद्राच्या मुलींना ती आपोआप लागू होत नाही. आगारप्रमुखांना ३०-४० मुलींच्या यादीसह अर्ज दिला तर परतीच्या फेरीची वेळ पंधरा-वीस मिनिटे सरकवून मिळू शकते. मुलींचे वेगळे स्वच्छतागृह पाण्यासह आणि आतून कडीसह, किमान एक महिला निदेशक किंवा परिचर दिवसभर, आणि कार्यशाळेत ओढणीऐवजी ॲप्रन व केसांना टोपी. फिरत्या स्पिंडलजवळ सैल कपडा किंवा मोकळे केस चालत नाहीत, ही अट मुलांनाही तितकीच लागू करा.

प्रश्न : जवळच्या कारखान्याकडून सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मागायचा आहे. काय तयारी लागते? (संस्थेचे विश्वस्त, भडगाव)

उत्तर : कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची सातमध्ये व्यवसाय कौशल्य हा विषय स्पष्टपणे आहे, त्यामुळे कारण सांगत बसावे लागत नाही. संस्थेकडे आयकराची १२-ए आणि ८०-जी नोंदणी हवी आणि सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेतलेला हवा. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही. यंत्रे कंपनीच्या नावावर राहत नाहीत, ती संस्थेच्या जडवस्तू नोंदवहीत येतात, हे करारात लिहून घ्या. मागणीपत्रात यंत्रांची यादी देण्याआधी तीन कागद जोडा : शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, महावितरणचे अंदाजपत्रक आणि निदेशकाचे संमतिपत्र. आणि यंत्रांसोबत पहिल्या वर्षाचा कच्चा मालही मागा. बहुतेक कंपन्या नामफलक लावता येईल अशी वस्तू द्यायला तयार असतात, रॉड आणि तांब्याची तार मागितल्याशिवाय देत नाहीत.